नव्या संचाला जुनी पिन

गेल्या वर्षी एका माध्यमिक शाळेतल्या विज्ञानाच्या बाई आमच्याकडे एक अडचण घेऊन आल्या. शाळेला माजी विद्यार्थ्यांनी मोठा, सपाट पडद्याचा नवा टीव्ही भेट दिला होता. शाळेच्या कपाटात जुना व्हीसीआर होता आणि त्याच्या शेजारी बावीस कॅसेट. बहुतेक स्नेहसंमेलनाच्या; पण दोन कॅसेटवर बाईंचा जीव होता. एकीवर २४ ऑक्टोबर १९९५ च्या, ऐन दिवाळीतल्या, खग्रास सूर्यग्रहणाचे टीव्हीवरून टिपून घेतलेले चित्रण होते. दुसरीवर त्याच शाळेत एके काळी विज्ञान शिकवणारे एक सर प्रयोग करून दाखवत होते. कुणा पालकाने हौसेने कॅमेरा आणून तासभर चित्रण केले होते. सर आता हयात नाहीत आणि त्यांचे दुसरे चलत्‌चित्र कुठेही नाही. बाई स्वतः त्यांच्या विद्यार्थिनी.

व्हीसीआरच्या पाठीमागे लाल, पांढरे आणि पिवळे अशी तीन गोल भोके होती. नव्या टीव्हीच्या पाठीमागे एचडीएमआयची तीन चपटी तोंडे, यूएसबीचे एक, अँटेनाचे एक, प्रकाशतंतूच्या केबलसाठी झाकण असलेले एक चौकोनी तोंड आणि 'एव्ही' असे लिहिलेले बोरूच्या टोकाएवढे एक भोक. बाजारातून एक वायर आणली गेली : एका टोकाला बारीक पिन, दुसऱ्या टोकाला तीन रंगीत. ती लावली, कॅसेट सुरू केली, तर पडदा काळाच राहिला आणि स्पीकरमधून मोठी घरघर ऐकू आली. टीव्ही बिघडला या भीतीने शिपायाने मेन स्विचच बंद केला.

बाईंनी आम्हाला दोन प्रश्न विचारले. पहिला, 'टीव्ही जळला तर नाही ना?' दुसरा जरा रागानेच, 'तंत्रज्ञान पुढे गेले म्हणजे मागचे तोडूनच टाकायचे असते का?' पहिल्याचे उत्तर दहा मिनिटांत सापडले. दुसऱ्यासाठी आपल्याला सत्तर वर्षे मागे जावे लागेल. पण आधी ती घरघर, कारण तिच्यातच बराच इतिहास भरलेला आहे.

घरघर कशाची होती?

त्या बारीक पिनेवर चार धातूचे भाग असतात : एक टोक, दोन कडी आणि एक बूड. दोन भाग डाव्या-उजव्या आवाजाचे, एक चित्राचा आणि एक सामायिक भूमीचा. कोणता भाग कशासाठी याबाबत सगळ्या उत्पादकांचे एकमत कधीच झाले नाही. शाळेने आणलेल्या वायरमध्ये चित्राची तार नेमकी टीव्हीच्या आवाजाच्या जागी जात होती. म्हणजे टीव्ही चित्र 'ऐकवत' होता.

चित्र ऐकले तर घरघर का ऐकू यावी? आपल्याकडच्या जुन्या पद्धतीत एक चित्र ६२५ आडव्या रेषांचे असते. कॅथोड किरणनळीतली इलेक्ट्रॉनची शलाका आधी एकाआड एक रेषा रंगवते आणि मग मधल्या गाळलेल्या. अशी अर्धी चित्रे सेकंदाला ५० आणि पूर्ण चित्रे २५. प्रत्येक अर्ध्या चित्राच्या शेवटी शलाकेला तळाकडून पुन्हा वर न्यावे लागते, आणि 'आता परत फिर' अशी आज्ञा देणारे स्पंद चित्राच्याच तारेतून येतात. हे स्पंद सेकंदाला ५० वेळा येतात आणि आपला कान त्यांना ५० हर्ट्झची घरघर म्हणून ओळखतो. ५० हा आकडाही वरून पडलेला नाही. आपल्या विजेच्या मेन्सची वारंवारता ५० हर्ट्झ आहे. सुरुवातीच्या संचांत मेन्सचा थोडा गुणगुणाट चित्रात शिरतच असे, आणि चित्रांचा वेग मेन्सशी जुळवला की त्याचा पट्टा पडद्यावर सरकत न राहता एका जागी थांबे. अमेरिकेत मेन्स ६० हर्ट्झ, म्हणून तिथे अर्धी चित्रे सेकंदाला ६०.

जाता जाता : ६२५ ला २५ ने गुणले की १५,६२५ येतात. जुन्या डबा टीव्हीतून या वारंवारतेची बारीक शिट्टी सतत येत असे. वर्गातल्या मुलांना ती ऐकू येई आणि बहुतेक शिक्षकांना येत नसे. वयाबरोबर कानाची वरची मर्यादा खाली येते हे दाखवायला एवढे सोपे साधन आता वर्गात उरले नाही.

या शलाकेच्या परतीच्या प्रवासाची आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ६२५ रेषांपैकी सुमारे ५० रेषांमध्ये चित्र नसतेच. तो वेळ शलाकेला परत जाण्यासाठी मोकळा सोडलेला असतो. या मोकळ्या जागेकडे आपण पुन्हा येणार आहोत.

एक कोटी जुने संच

नवीन साधन जुन्या साधनांशी जुळावे की नाही, हा प्रश्न दूरचित्रवाणीच्या इतिहासात पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर उभा राहिला तो अमेरिकेत, रंगाच्या निमित्ताने. सीबीएस या कंपनीने रंगीत चित्रासाठी एक पद्धत सिद्ध केली होती. त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या काचांची चकती पडद्यापुढे फिरे आणि तिन्ही रंगांची चित्रे एकामागोमाग एक दाखवली जात. चित्र सुंदर दिसे. अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने ऑक्टोबर १९५० मध्ये तिला मान्यता दिली. आरसीए या प्रतिस्पर्धी कंपनीने सर्वोच्च न्यायालयापर्यंत भांडण नेले आणि ती हरली. २५ जून १९५१ रोजी रंगीत प्रक्षेपण सुरूही झाले.

पण या पद्धतीत रेषांची संख्या आणि चित्रांचा वेग दोन्ही बदललेले होते. त्यामुळे घराघरांत असलेल्या सुमारे एक कोटी कृष्णधवल संचांवर हे रंगीत कार्यक्रम काळ्या-पांढऱ्यातसुद्धा दिसत नव्हते. लोकांना कार्यक्रम दिसेना, म्हणून जाहिरातदार मिळेनात. ऑक्टोबर १९५१ मध्ये, कोरियातल्या युद्धामुळे सामग्री वाचवायची असे कारण देऊन, हे सारे थांबवण्यात आले. आमच्या मते युद्ध नसते तरी फार काळ निघाला नसता. एक कोटी लोकांचा संच रातोरात आंधळा करणारी सुधारणा कितीही सुंदर असली तरी टिकणे अवघड.

मग अभियंत्यांच्या राष्ट्रीय समितीने, म्हणजे एनटीएससीने, उलट्या टोकाने विचार केला. जुन्या संचाला काहीही कळता कामा नये, ही पहिली अट, रंग त्यानंतर. याची मूळ कल्पना फ्रान्समधल्या जॉर्ज व्हॅलेन्सी यांनी १९३८ मध्येच पेटंटात मांडली होती. लाल, हिरवा, निळा असे तीन संदेश पाठवण्याऐवजी आधी एक 'उजळपणाचा' संदेश पाठवायचा आणि रंगाची माहिती वेगळी, वरून जोडून द्यायची. जुना संच फक्त उजळपणा वाचेल, नवा संच दोन्ही वाचेल.

उजळपणा काढताना तिन्ही रंगांना सारखे माप देत नाहीत. हिरव्याचे सुमारे ५९ टक्के, लालचे ३० आणि निळ्याचे ११, कारण मानवी डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ आणि निळा सर्वांत मंद वाटतो. शिवाय रंगातले बारीक तपशील डोळ्याला नीट दिसत नाहीत, म्हणून रंगाची माहिती थोडक्या जागेत आटोपली तरी चालते. प्रश्न उरला तो ही जागा आणायची कुठून. प्रत्येक चॅनेलची रुंदी ठरलेली होती. इथे एक गणिती सोय कामी आली. चित्र रेषारेषांनी बनत असल्यामुळे त्याची ऊर्जा रेषांच्या वारंवारतेच्या पटींजवळ गोळा झालेली असते आणि मध्ये जवळजवळ रिकाम्या फटी असतात. कंगव्याच्या दातांमध्ये दुसऱ्या कंगव्याचे दात बसवावेत, तशी रंगाची माहिती त्या फटींमध्ये बसवली गेली.

एवढे करूनही एक त्रास उरला. रंगाची वहनलहरी आणि आवाजाची वहनलहरी यांच्या संयोगातून जुन्या संचावर बारीक ठिपके सरकताना दिसण्याची भीती होती. आवाजाची लहरी हलवणे हा एक उपाय होता, पण मग जुन्या संचांवर आवाजाची पंचाईत होऊ शकली असती. तेव्हा चित्रांचाच वेग हजारात एक भागाने कमी केला. सेकंदाला ३० ऐवजी २९.९७ चित्रे. १७ डिसेंबर १९५३ रोजी ही पद्धत अधिकृत झाली. ते जुने संच केव्हाच भंगारात गेले, पण तुमच्या नव्या टीव्हीच्या किंवा संगणकाच्या सेटिंगमध्ये ५९.९४ असा विचित्र आकडा दिसलाच, तर तो या तडजोडीचा अवशेष समजावा.

युरोपने ही कल्पना घेऊन तिच्यातला एक दोष काढला. एनटीएससीत वाटेत संदेशाची कला थोडी सरकली तरी चेहरे हिरवट किंवा जांभळट दिसत. जर्मनीतल्या टेलिफुंकेन कंपनीचे वॉल्टर ब्रुख यांनी एकाआड एक रेषेत रंगाच्या एका घटकाची दिशा उलटी केली, म्हणजे शेजारच्या दोन रेषांतल्या चुका एकमेकींना खोडतात. हीच पाल पद्धत. पश्चिम जर्मनीत ती २५ ऑगस्ट १९६७ रोजी सुरू झाली.

आपण पालच घेतली. भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीत सुरू झाली, मुंबईला २ ऑक्टोबर १९७२ रोजी आली आणि रंग आले १९८२ मध्ये. त्या वर्षीच्या नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या आशियाई स्पर्धा अनेकांनी शेजाऱ्यांकडे रंगीत पाहिल्या आणि त्याहून कितीतरी अधिकांनी स्वतःच्या घरी, शटरच्या लाकडी पेटीतल्या जुन्या संचावर, काळ्या-पांढऱ्यात पाहिल्या. त्यांना संचाचा एक स्क्रूही फिरवावा लागला नाही. आम्हाला तर वाटते की रंग येण्याइतकीच ही न घडलेली गोष्ट महत्त्वाची होती.

हे वर्गात दाखवता येते. जुन्या डीव्हीडी प्लेअरला हिरवे, निळे, लाल असे तीन तोंडांचे 'कॉम्पोनंट' निर्गम असेल, तर प्लेअरच्या मेन्यूत 'इंटरलेस' ठेवून फक्त हिरव्या तोंडातली तार टीव्हीच्या पिवळ्या तोंडाला लावावी. पडद्यावर स्वच्छ कृष्णधवल चित्र उमटते. हिरव्या तोंडातून हिरवा रंग येत नसून उजळपणा आणि परतीचे स्पंद येतात, हे मुलांच्या लगेच लक्षात येते.

पिवळी पिन

उजळपणा, रंग आणि स्पंद एकाच तारेवर बसवता येतात हे सिद्ध झाल्यावर घरातल्या उपकरणांचे काम सोपे झाले. त्या तीन रंगीत पिना मुळात चित्रासाठी बनलेल्या नव्हत्याच. १९३० च्या दशकात आरसीएने ग्रामोफोन आणि रेडिओ जोडण्यासाठी ही पिन काढली. अजूनही तिला कुणी 'फोनो पिन' म्हणतात ते त्यामुळे. पुढे चित्राला पिवळी आणि आवाजाला लाल-पांढरी अशी वाटणी रूढ झाली. पिवळ्यातून जाणारा संदेश जेमतेम एक व्होल्टचा असतो. शाळेत टीव्ही जळण्याची भीती का नव्हती, ते यावरून कळेल.

पहिल्या व्हीसीआरच्या काळात (सोनीचा बीटामॅक्स १९७५, जेव्हीसीचा व्हीएचएस १९७६) बहुतेक घरांतल्या टीव्हींना पिवळे तोंडही नव्हते, फक्त अँटेनाचे होते. तेव्हा व्हीसीआरमध्ये एक चिमुकला प्रक्षेपकच बसवत. तो एखाद्या रिकाम्या चॅनेलवर कॅसेटमधले चित्र 'प्रक्षेपित' करी आणि टीव्हीला वाटे की हे मनोऱ्यावरूनच आले. इथेही जुन्या संचाला काही कळू न देण्याचेच धोरण.

अंकीय युग आले तेव्हासुद्धा हा धागा लगेच तुटला नाही. १९८२ मध्ये चित्राचे अंकीकरण करण्यासाठी सेकंदाला १ कोटी ३५ लाख नमुने घ्यायचे ठरले. हा आकडा असा निवडला की भारत-युरोपच्या ६२५ रेषांच्या पद्धतीत प्रत्येक रेषेला बरोबर ८६४ आणि अमेरिका-जपानच्या ५२५ रेषांच्या पद्धतीत बरोबर ८५८ नमुने यावेत. त्याच वर्षी बाजारात आलेल्या ध्वनि-सीडीचा सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा वेग तर सरळ व्हिडिओ टेपवरून आला आहे. अंकीय आवाज सुरुवातीला व्हिडिओ रेकॉर्डरवर साठवत. प्रत्येक रेषेवर ३ नमुने, अर्ध्या चित्रातल्या २९४ रेषा, सेकंदाला ५० अर्धी चित्रे : गुणाकार करून पाहावा.

जिथे धागा तुटला

एचडीएमआयचा पहिला आराखडा डिसेंबर २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्र आणि आवाज दोन्ही अंकांच्या रूपात एकाच केबलमधून नेणारा हा मार्ग तांत्रिकदृष्ट्या उत्तम आहे. यातही एक जुना पाहुणा राहतोच आहे. एचडीएमआयमध्ये आवाजाचे अंक चित्रातल्या मोकळ्या जागेतून जातात, त्याच, शलाकेला परत फिरायला वेळ मिळावा म्हणून सोडलेल्या जागेतून. नव्या पडद्यात शलाका नाही, नळी नाही; पण तिची परतीची वाट कायम आहे आणि आता तिच्यावरून संगीत चालते.

मात्र या जोडणीबरोबर एक वेगळी गोष्टही आली. पिवळी पिन कुणाला काही विचारत नसे. एचडीएमआयमध्ये दोन्ही बाजूंची उपकरणे आधी एकमेकांची ओळख पटवतात, आणि चित्रपटासारखा संरक्षित मजकूर असेल तर तो सांकेतिक रूपात जातो. समोरच्या उपकरणाकडे योग्य किल्ली नसेल तर चित्र मिळत नाही. त्याच सुमारास ब्लू-रे प्लेअरसाठी असा करार झाला की २०१० नंतर जुन्या तारांतून उच्च प्रतीचे चित्र द्यायचे नाही आणि २०१३ नंतर जुन्या तारांतून संरक्षित चित्रपट मुळीच द्यायचा नाही. चित्रपट कंपन्यांना नकलेची भीती होती आणि ती अगदी खोटीही नव्हती. पण जुनी जोडणी जी बंद झाली ती काही अंशी तोंडांचा खर्च वाचवण्यासाठी आणि काही अंशी या करारांमुळे. भौतिकशास्त्राने तसे काही सांगितलेले नव्हते. १९५३ मध्ये जुन्या संचाच्या मालकाची बाजू मांडायला एक सार्वजनिक आयोग होता. इथे त्या खोलीत फक्त उत्पादक आणि चित्रपट कंपन्या होत्या. बाईंच्या दुसऱ्या प्रश्नाला आम्ही हेच उत्तर दिले.

शाळेत काय झाले

पिनेची अडचण साधी होती. त्या टीव्हीच्या माहितीपुस्तकात दाखवलेल्या क्रमाची वायर मिळवली आणि चित्र आले. ज्या टीव्हीला 'एव्ही' भोकही नाही, त्यांच्यासाठी पिवळ्या-लाल-पांढऱ्याचे एचडीएमआय करणारी छोटी पेटी मिळते. ती घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पेटी एकाच दिशेने चालते, म्हणून 'एव्हीपासून एचडीएमआय' हीच मागावी. आणि तिला स्वतःचा वीजपुरवठा हवा. एका टोकाला एचडीएमआय आणि दुसऱ्या टोकाला तीन रंगीत पिना असलेली नुसती स्वस्त केबलही विकली जाते. तिच्यात अंकीकरण करणारे काहीच नसल्यामुळे ती या कामी पूर्णपणे निरुपयोगी आहे.

उलट दिशेचा, म्हणजे नव्या टीव्हीचा आवाज जुन्या अँप्लिफायरला देण्याचा प्रश्न सोपा आहे. टीव्हीला हेडफोनचे भोक असेल तर तिथून, नसेल तर प्रकाशतंतूच्या तोंडाला अंकांचा आवाज करणारी लहान पेटी जोडून. अशा वेळी टीव्हीच्या सेटिंगमध्ये आवाज 'पीसीएम'वर ठेवावा, नाहीतर साध्या पेटीला तो उलगडत नाही. अँप्लिफायरवर 'फोनो' लिहिलेल्या तोंडात मात्र ही तार घालू नये. ते तोंड ग्रामोफोनच्या सुईच्या अगदी क्षीण संदेशासाठी असते. आवाज फाटून येईल.

चित्र आले तरी ते सुखासुखी आले नाही. सरांची कॅसेट मधूनमधून निळ्या पडद्यात बुडे. जुनी फीत ताणली जाते, स्पंद वेळेवर येत नाहीत. डबा टीव्ही अशा वेळी चित्र थरथरत का होईना दाखवत राही. नवा टीव्ही स्पंदांचा हिशेब जुळला नाही की 'संदेश नाही' असे सांगून मोकळा होतो. स्पंद पुन्हा शिस्तीत लावून देणारे एक यंत्र असते. ते एका व्यावसायिकाकडून दोन दिवसांसाठी मिळाले आणि त्यातून जाणारे चित्र तेव्हाच संगणकावर उतरवून घेतले. कारण व्हीसीआर बनवणाऱ्या शेवटच्या कंपनीने, जपानच्या फुनाईने, २०१६ च्या जुलैमध्ये उत्पादन थांबवले आहे. आता जे आहेत तेवढेच. ज्या शाळांत, वाचनालयांत अशा फिती असतील त्यांनी पुढच्या पावसाळ्याची वाट पाहू नये असे आम्ही सुचवू.

सरांचे चित्रण एक्केचाळीस मिनिटांचे निघाले. पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या ठेवाव्या लागल्या. बाईंनी चित्र ताणून पूर्ण पडदाभर करू दिले नाही, त्यात सर जाड दिसतात म्हणून. ग्रहणाची कॅसेट अजून लावलेली नाही. तिच्या कडेला पांढरी बुरशी धरली आहे, आणि ती तशीच फिरवली तर यंत्राची शीर्षेही खराब होतील आणि फीतही. ती साफ करून देणाऱ्याचा शोध चालू आहे.